गाडीत बोललेलं

नागपूरहून आम्ही अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला आलो तेव्हा मी बारा वर्षांची होते. ते २००१ साल. बाबा आमच्या आधीच येऊन एका मोठ्या कंपनीच्या कॅम्पसमध्ये सॉफ्टवेअरचं काम करत होते. नागपुरात मला काही झालंय असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. 'अबोल आहे', 'जरा विक्षिप्त आहे', 'बापावर गेलीये', इतपतच. शाळेत मी मधल्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून डबा खायचे. बाईंना त्याचं काही वाटत नसे, कारण गणितात मार्क चांगले असत.

प्लेनोच्या शाळेत जेवणाची खोली म्हणजे एक मोठा हॉल होता. शेकडो मुलं एकाच वेळी ओरडायची, ट्रे आपटायची, खुर्च्या ओढायची. पहिल्याच आठवड्यात मी कानांवर हात ठेवून टेबलाखाली जाऊन बसले आणि घंटा होऊन गेली तरी बाहेर आले नाही. शाळेने घरी फोन केला. मग वेगवेगळ्या लोकांनी मला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून चित्रं दाखवली, प्रश्न विचारले, आणि काही महिन्यांनी आईबाबांना एक शब्द दिला. ऑटिझम.

परत येताना गाडीत आईने विचारलं, "म्हणजे मतिमंद का?"

"नाही. तसं नाही म्हणाले ते," बाबा म्हणाले.

"मग कसं?"

बाबांनी इंडिकेटर लावला. ते लेन बदलत होते. बाबांनी कुणाच्या डोळ्यांत बघून बोललेलं मला आजही आठवत नाही. ऑफिसातसुद्धा ते दुपारचा डबा आपल्या गाडीत बसून खायचे. पण त्यांना कुणी कुठल्या क्लासला पाठवलं नाही.

मला पाठवलं. दुकानांच्या एका रांगेत, दाताच्या डॉक्टरशेजारी एक क्लिनिक होतं. तिथे 'सोशल स्किल्स ग्रुप' चालायचा. पाच मुलगे आणि मी. आमची थेरपिस्ट उंच, मऊ आवाजाची बाई होती. ती कधी रागावली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. तिने आम्हाला शिकवलं की समोरच्याच्या डोळ्यांत बघवत नसेल तर दोन भुवयांच्या मधल्या जागेकडे बघायचं, त्याला फरक कळत नाही. हात मांडीवर ठेवायचे, हलवायचे नाहीत. कुणी काही सांगितलं की मान हलवायची, मग त्याच विषयावर एक प्रश्न विचारायचा. जमलं की तारा मिळे. तारे साठले की एका डब्यातून खेळणं घ्यायचं. मी घ्यायचे आणि घरी येऊन कपाटात टाकून द्यायचे.

एकदा तिने माझ्या हातात एक रिकामं खोकं दिलं. "समज, मी तुला यात स्वेटर दिलाय आणि तो तुला आवडला नाही. काय म्हणशील?"

"मला आवडला नाही, पण तुम्ही आणलात म्हणून थँक यू."

मुलगे हसले. ती म्हणाली, "आवडला असं म्हणायचं."

"पण ते खोटं होईल."

"खोटं नाही. फ्रेंडली."

मी विचार केला आणि विचारलं, "मग तुम्ही मला रोज 'छान' म्हणता, ते खरं असतं की फ्रेंडली?"

ती हसली, "इंटरेस्टिंग प्रश्न आहे" म्हणाली आणि खोकं शेजारच्या मुलाला दिलं.

माझं लक्ष त्या दिवसांत एकाच गोष्टीत असायचं. ग्रॅकल्समध्ये. टेक्सासमध्ये राहिलेल्यांना हे पक्षी माहीत असतात. संध्याकाळी किराणा दुकानांच्या पार्किंग लॉटमधल्या झाडांवर, विजेच्या तारांवर हजारोंनी येऊन बसतात. लांबून काळे दिसतात, पण ऊन पडलं की पंखांवर निळं-जांभळं चमकतं. आवाज तेल न घातलेल्या फाटकासारखा. गाड्यांवर घाण करतात म्हणून लोक वैतागतात. मला ते तासन्‌तास बघायला आवडायचं. मी त्यांच्याबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाही, म्हणून थेरपिस्टने नियम घातला: पक्ष्यांवर दोन वाक्यं, मग समोरच्याला त्याच्या आवडीचं विचारायचं.

हे मी निभावलं. जे निभावता आलं नाही ते घरात झालं. थेरपिस्टने आईला सांगितलं की दोन भाषांमुळे मुलीचा गोंधळ होतो, घरी फक्त इंग्लिश बोला. आईने ते लगेच मनावर घेतलं. आईचं इंग्लिश तेव्हा अगदी जेमतेम होतं. जी आई स्वयंपाक करताना अखंड बोलायची, शेजारणीच्या नकला करायची, भाजीवाल्याशी झालेलं भांडण रंगवून सांगायची, ती "डिनर इज रेडी" म्हणायला लागली. तिला इंग्लिशमध्ये रागावताही येत नसे. शब्द शोधता शोधता तिचा राग निघून जायचा आणि ती नुसतीच बघत राहायची. मी मराठीत काही विचारलं तर ती म्हणायची, "इंग्लिश, प्लीज." आमच्या घरात बोलणंच कमी झालं. क्लिनिकमध्ये मात्र माझी प्रगती आहे असं सगळे म्हणत होते.

मी दहावीत होते तेव्हा एक मुलगी माझ्या टेबलावर येऊन बसली. ती माझ्याहून एक वर्ष पुढे होती. मी तिला ओळखत होते, कारण तिची आई आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या काकू. मूळचे दादरचे ते लोक. ती स्वतः इथेच जन्मलेली. गणपतीत लेझीम खेळायची, सगळ्यांशी बोलायची. तिच्यासारख्या मुली माझ्या टेबलावर येत नसत.

"तू रोज इथेच बसतेस?" तिने विचारलं.

"हो. इथे आवाज कमी येतो."

"मी बसले तर चालेल?"

मी म्हटलं चालेल. ती रोज यायला लागली. तिच्याकडे स्वतःची जुनी गाडी होती. काही दिवसांनी ती मला शाळेतून घरी सोडायला लागली. पहिल्या दिवशी मी भुवयांच्या मधे बघून, मान हलवून, तिला तिच्या आवडीचं विचारलं. थोड्या वेळाने तिने मलाच विचारलं, "तुला काय आवडतं?" मी नियमाप्रमाणे दोन वाक्यं बोलून गप्प झाले. ती म्हणाली, "अजून सांग ना." तिने गाडी एका किराणा दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये वळवली आणि आम्ही काचा खाली करून ग्रॅकल्स बघत बसलो.

मला इंग्लिशमध्ये एक शब्द सापडेना, तेव्हा ती म्हणाली, "मराठीत सांग. मला कळतं सगळं, फक्त बोलता येत नाही."

दोन वर्षं मी त्या गाडीत मराठी बोलले. ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, पण मी मराठीत बोलायचे. घरात बंद झालेलं सगळं तिथे बाहेर पडायचं. वाहतुकीच्या दिव्यांपाशी ती मान वळवून ऐकायची. मी हात हलवले तरी काही म्हणायची नाही. तिला मी सांगितलं की ग्रुपला जायच्या आदल्या दिवसापासून माझं पोट दुखतं. सांगितलं की दिवसभर चेहरा नीट ठेवून इतकी थकते की शाळेच्या बाथरूममध्ये दार लावून मनगट चावते, मग बरं वाटतं. हे मी आईला कधीच सांगितलं नसतं. आणि इंग्लिशमध्ये तर मला ते सांगताच आलं नसतं.

पुढच्या ग्रुपला थेरपिस्टने मला एकटीला बाजूला घेतलं आणि हातात एक मऊ चेंडू दिला. "कधी फार ताण आला आणि स्वतःला इजा करावीशी वाटली, म्हणजे चावणं वगैरे, तर याला दाबायचं." मी फुलबाह्यांचा शर्ट घातला होता. तरी मला वाटलं, हिला दिसलं असेल. थेरपिस्टना असं दिसत असेल. आणखी काही आठवड्यांनी ती ग्रुपच्या आधी पोट दुखण्याबद्दल बोलली. मला तिच्याबद्दल भीतियुक्त आदर वाटायला लागला. मी हे मैत्रिणीला गाडीत सांगितलं. "तिला सगळं न सांगता कळतं," मी म्हटलं. मैत्रीण समोर रस्त्याकडे बघत होती. "शी मस्ट बी गुड," ती म्हणाली आणि रेडिओ लावला.

२००६ च्या उन्हाळ्यात ती बारावी झाली. मंडळात त्या वर्षी बारावी झालेल्या मुलांचा सत्कार ठेवला होता, एका शाळेच्या सभागृहात. बटाटेवडे, श्रीखंड, मुलींचा नाच, आणि मग सत्कार. सूत्रसंचालन करणारे एक काका एकेका मुलाला स्टेजवर बोलावून त्याने काय काय केलं ते मोठ्या आवाजात सांगत होते. रोबोटिक्स, टेनिस, हॉस्पिटलमधली मदत. मी आणि आई मधल्या रांगेत बसलो होतो. बाबा मागे दाराशी उभे होते, कारण त्यांना गर्दी झेपत नसे.

तिला बोलावलं तेव्हा मी जोरात टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "आणि आता जे सांगतोय ते ऐकून तुम्हाला खरंच प्राउड वाटेल. आपल्या या मुलीने दोन वर्षं एका ऑटिस्टिक मुलीची पीअर मेंटर म्हणून काम केलंय. ट्रेनिंग घेऊन. त्या मुलीला एकही मैत्रीण नव्हती. ही तिच्याबरोबर रोज जेवायला बसायची, तिला घरी सोडायची, तिच्याबरोबर पक्षी बघायला जायची. दर आठवड्याला थेरपिस्टला रिपोर्ट द्यायची. एवढ्या लहान वयात एवढी समज."

सभागृहातून हळहळीचा एक सूर निघाला आणि मग टाळ्या. काकांना ती मुलगी कोण हे माहीत नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी सांगितलं ते कौतुकानेच. पण आमच्या रांगेतल्या दोघी-तिघींना माहीत होतं. त्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी बघितल्यावर समोर बघायला लागल्या.

स्टेजवर ती मान खाली घालून उभी होती.

मी उठायला लागले. आईने माझ्या गुडघ्यावर हात दाबला आणि म्हणाली, "आत्ता नको. घरी बोलू."

कितीतरी दिवसांनी आई माझ्याशी मराठीत बोलली होती. त्यावरून, आणि तिला आश्चर्य वाटलं नव्हतं त्यावरून, मला कळलं की तिला हे आधीपासून माहीत होतं.

मी तिचा हात काढून बाहेर आले. पार्किंग लॉटमध्ये मैत्रीण माझ्या मागे धावत आली. नऊवारी नेसली होती, हातात मंडळाने दिलेली मूर्ती होती.

"मी सांगणार होते तुला," ती इंग्लिशमध्ये म्हणाली. "कॉलेजला जायच्या आधी. खरंच."

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगायचं नाही असं सांगितलं होतं. तुला कळलं तर उपयोग होणार नाही म्हणाले."

"कशाचा?"

"थेरपीचा."

"मी गाडीत बोलायचे ते तू तिला सांगायचीस?"

तिने मूर्ती दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "सगळं नाही. ज्याची काळजी वाटली तेवढंच. तू स्वतःला चावत होतीस, मी काय करायला हवं होतं?"

"मला सांगायला हवं होतंस की तू सांगणार आहेस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुरुवातीला ते काम होतं. नंतर नव्हतं. नंतर तू मला खरंच आवडायला लागलीस."

मी तिच्याकडे नीट बघितलं. भुवया मधे उचललेल्या, ओठ किंचित दुमडलेले, मान जरा कलती. हा चेहरा मी ओळखत होते. क्लिनिकच्या भिंतीवर चेहऱ्यांची चित्रं होती, त्यात 'वाईट वाटतंय' हा चेहरा असाच होता, आणि मी आरशासमोर तो कितीदा करून बघितला होता. तिलाही त्याच बाईने शिकवलं होतं. मला शिकवलं होतं की रस आहे असं कसं दिसायचं. तिला शिकवलं होतं की मैत्रीण आहे असं कसं दिसायचं. त्यामुळे समोर जे होतं ते खरं की शिकवलेलं, हे मला कळण्याचा काही मार्ग नव्हता. कदाचित ते अगदी खरं असेल. तेही मला कळण्याचा मार्ग नव्हता.

"पक्षी?" मी विचारलं.

तिला प्रश्न समजला. "तू बोलायचीस ते ऐकायला आवडायचं," ती म्हणाली. पक्षी आवडायचे असं ती म्हणाली नाही.

घरी आल्यावर बाबा सरळ गॅरेजमध्ये गेले. आई स्वयंपाकघरात उभी राहिली. तिने काही लपवलं नाही. कल्पना थेरपिस्टची होती, पण मुलगी आईने शोधली होती. काकूंना फोन आईनेच केला होता.

"तू एकटी बसायचीस," आई म्हणाली. "एकदा तुझा डबा घरी राहिला होता म्हणून मी शाळेत आले होते. काचेतून बघितलं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कोपऱ्यात तू एकटी."

"मला एकटं बसायला आवडायचं."

"मला नाही बघवलं."

  तिला बघवलं नाही, म्हणून मला मैत्रीण आणून दिली. मला काय हवं होतं हे त्या फोनवर कुणी विचारलंच नव्हतं. आणि मला आई हवी होती, जी मराठी बोलते. ती घरातच होती.

थेरपिस्टला मी एकदा शेवटची भेटले. तिने ऐकून घेतलं. "ते नातं खरंच होतं," ती म्हणाली. "फक्त त्याला बाहेरून आधार दिलेला होता."

मी म्हटलं की आधाराची गोष्ट मला न सांगता झाली, माझं बोलणं मला न विचारता तिच्यापर्यंत आलं, आणि मी तिला मनकवडी समजत राहिले. मी न अडखळता सगळं बोलले. ती माझ्याकडे कौतुकाने बघत राहिली आणि म्हणाली, "तुझ्या लक्षात आलं का? तू आत्ता किती स्पष्ट बोललीस. माझ्या डोळ्यांत बघून."

मी उठले. त्यानंतर तिथे गेले नाही. आईनेही जा म्हटलं नाही.

कॉलेजात गेल्यावर मला इंटरनेटवर ऑटिस्टिक लोकांनीच लिहिलेलं वाचायला मिळालं. आमच्या पालकांनी नाही, थेरपिस्टांनी नाही, आमच्यासारख्यांनी. त्यातल्या काहींचा एक छोटा गट डॅलसमधल्या एका लायब्ररीच्या खोलीत भेटायचा. २००८ मध्ये मी तिथे जायला लागले. अर्धे दिवे बंद असायचे. कुणी जमिनीकडे बघून बोलायचं, कुणी पुढेमागे डोलत ऐकायचं. मधेच पाच-पाच मिनिटं कुणी काही बोलत नसे आणि कुणाला ते भरून काढावंसं वाटत नसे.

एकदा विषय निघाला सोशल स्किल्स क्लासेसचा. मला वाटलं सगळे माझ्यासारखेच बोलतील. तसं झालं नाही. फोनवर तक्रारी घ्यायचं काम करणारा एक तरुण म्हणाला, "मला उपयोग झाला. त्या क्लासशिवाय मी इंटरव्ह्यू देऊ शकलो नसतो. खोटं कशाला बोलू?" एक पन्नाशीची बाई, जी शाळेत गणित शिकवायची, म्हणाली की तिला नोकरीत दिवसभर चेहरा लावून बसावं लागतं आणि घरी गेल्यावर नवऱ्याशी एक शब्द बोलवत नाही. लग्न त्यातच मोडलं. मग एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ टेबलावर बोट घासत होते, ते म्हणाले, "हे नाटक आहे, गरज पडेल तिथे कर, असं मला सांगितलं असतं तर मी आनंदाने शिकलो असतो. त्यांनी सांगितलं की हे बरोबर आहे आणि तू चूक आहेस."

गणिताच्या बाईंनी मला विचारलं, "आणि तू?"

मी गाडीबद्दल सांगितलं. सांगून झाल्यावर कुणी सहानुभूतीने मान कलती केली नाही. तो फोनवाला तरुण फक्त म्हणाला, "दॅट्स नॉट अ स्किल्स क्लास. दॅट्स अ सेटअप." तो बनाव होता, असं दुसऱ्या कुणी म्हटल्याचा मला फार आधार वाटला.

एका शनिवारी माझी गाडी मेकॅनिककडे होती, म्हणून आईने मला लायब्ररीत सोडलं. बाहेर खूप ऊन होतं. मी म्हटलं आत येऊन बस. ती मागच्या खुर्चीवर पर्स मांडीवर धरून पूर्ण वेळ बसली.

परतताना हायवेवर लागल्यावर ती म्हणाली, "ते म्हातारे अगदी तुझ्या बाबांसारखे आहेत."

"हो."

एक पूल ओलांडल्यावर तिने विचारलं, "तुला तेव्हा सांगून केलं असतं तर?"

"तर मी नाही म्हटलं असतं."

"मग तू एकटीच राहिली असतीस."

"हो. पण ते मला माहीत असतं."

आईने मान हलवली. पटलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते मी विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "ती विचारते तुझ्याबद्दल. काकू सांगत होत्या. परवा ईमेल केला म्हणे तुला."

"आला."

"उत्तर दे ना. तिला खरंच तुझं..."

"आई, खरंच का ते मला कळत नाही. तेच तर गेलं माझं."

आईने गाडी घराकडे वळवली. आम्ही आता मराठीतच बोलतो. ती पुन्हा नकला करते, मी हसते. पण ती दुसऱ्या खोलीत फोनवर आवाज खाली आणून बोलायला लागली की मी हातातलं काम ठेवून दारापाशी जाऊन उभी राहते. तिला ते दिसतं. ती फोनवरच्या बाईला म्हणते, "थांबा हं, ही आलीये," आणि मग मोठ्याने बोलते.